बाराशे त्र्याऐंशी इंचांची पेटी

"एवढी पेटी ठेवायची कुठे?" सकाळी सकाळी धाकट्या भावाचा मेसेज.

घरच्या घरी लाकडी पेटी कशी करावी, यावर मी लेख लिहिला होता. माप दिलं होतं १२\*८\*३ इंच. लेख मी मार्कडाउनमध्ये लिहितो, म्हणजे साध्या मजकुरातच फुल्यांसारखी चिन्हं टाकून ठळक-तिरकं करायची पद्धत. मार्कडाउनला वाटलं, आठाच्या दोन्ही बाजूंना फुल्या आहेत म्हणजे त्याच्यावर जोर द्यायचाय. त्याने फुल्या गिळल्या, आठाला तिरका केला, आणि पेटी झाली १२८३ इंचांची.

बरं, प्रिव्ह्यू मी बघतो. सात-आठ वेळा बघतो. पण तिथे मी बिघडलेलं काहीतरी शोधत असतो, आणि १२८३ अगदी शहाण्यासारखं बसलं होतं.

जॉन ग्रूबरने २००४ साली मार्कडाउन आणलं तेव्हा कच्चा मजकूरही सहज वाचता यावा, असा हेतू होता. तो पुरता सफल झालाय. माझा लेख कच्चाच छान दिसतो. बिघडतो तो पक्का झाल्यावर.

सामानाचंच बघा. फळ्या, खिळे, सरस, कानस, एकेका ओळीवर लिहिलं. प्रिव्ह्यूत ओळी नीट. प्रकाशित केल्यावर सगळं एका रांगेत, 'फळ्या खिळे सरस कानस', श्लोक म्हटल्यासारखं. नुसतं एंटर चालत नाही म्हणे, ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात. दिल्या. माझा एडिटर पडला टापटिपीचा; सेव्ह करताना शेवटच्या मोकळ्या जागा तो झाडून टाकतो. मग मी कर्सर ओळीच्या टोकाला नेऊन, न दिसणारी गोष्ट अजून आहे का, ते चाचपत बसलो. (प्रिव्ह्यू वेगळ्या प्रोग्रॅमचा आणि प्रकाशन वेगळ्याचं, हे मला बरंच उशिरा कळलं.)

कृतीला १., २. असे क्रमांक दिले, तर यादीच होईना. मार्कडाउनला इंग्रजी आकडेच कळतात.

पण खरी जिरवली ती विभक्तीने. 'फळी' हा शब्द अवतरणात घालून दोन्ही बाजूंना फुल्या देऊन ठळक केला आणि पुढे 'ला' जोडला, तर फुल्या तशाच दिसत राहिल्या. नियम असा, की मिटणाऱ्या फुल्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर लगेच अक्षर नको. जागा हवी, नाहीतर दुसरं विरामचिन्ह. आता 'ला' काय शब्दापासून लांब ठेवू? तसं केलं तर फळी एकीकडे, प्रत्यय दुसरीकडे. 'ला'सुद्धा ठळक केला, तर तो उगाच ओरडायला लागला. अवतरणं काढली असती तर भागलं असतं, पण रात्रीचा दीड वाजला होता. मी ते वाक्यच उडवलं. प्रिव्ह्यू बघितला. स्वच्छ. केलं प्रकाशित.

दुपारी भावाचा पुन्हा मेसेज. माप आता बरोबर आहे म्हणाला. फक्त पेटीला बूड कधी लावायचं, ते कुठे लिहिलंय?