ऑपरेशननंतरच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

‘ऑपरेशननंतर पेनकिलर? थांबा, आधी हे वाचा!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुखणं ही शरीराची बरं होण्याची क्रिया आहे, ती गोळीने दाबली की टाके जुळत नाहीत, म्हणून सोसा, पडून राहा, अगदीच असह्य झालं तर गोळी घ्या. याच गोळ्यांनी गिधाडं मेली, तुमच्या किडन्याही जातील. त्यांची सवय लागते. पाठीत दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनाने कंबर जन्माची दुखते. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर हळद घातलेलं दूध.

भांडुपच्या पुतण्याने तो देवगडला माझ्या काकीला पाठवला आणि तिने गोळ्या बंद केल्या. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. गप्प बसणं मला शक्य नाही.

‘सोसा आणि पडून राहा’ हा मुद्दा आधी घेते, कारण माणूस दगावू शकतो तो यानेच. काकीचं पित्ताशय पोट उघडून काढलं होतं. उजव्या बरगडीखाली चांगली वीतभर चीर. मी गेले तेव्हा ती खाटेवर उताणी, श्वास गळ्यापर्यंतच घेत होती. गोळ्यांचं पाकीट फाइलच्या पिशवीत तसंच, एकही गोळी फोडलेली नाही. छातीत घरघर, अंगात कणकण. खोकत का नाहीस विचारलं तर म्हणाली, “माका भिया वाटता गो, टाके उसवतले.”

पोटाला चीर असली की खोल श्वास दुखतो. मग माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसांचा तळ मिटत जातो, कफ तिथेच साचतो आणि त्यात जंतू वाढले की न्यूमोनिया. दुखतं म्हणून चालणं बंद केलं तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. ऑपरेशननंतरची गोळी द्यायची ती नीट श्वास घेता यावा, खोकता यावं, उठून संडासापर्यंत जाता यावं म्हणून. तिला चैन समजणाऱ्याने एकदा वॉर्डात येऊन बघावं.

काकीच्या सर्जनना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी दिली. तासाभराने तिला उठवून बसवलं, उशी घडी करून जखमेवर दाबून धरायला लावली आणि खोकायला सांगितलं. कफ सुटला. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्रही तिला दिलेलं होतं, पण घरात सगळे तिला ते फुंकायला लावत होते. ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. हे डिस्चार्जच्या वेळी कुणी करून दाखवलं नव्हतं, आणि तो राग मला त्या मेसेजइतकाच आहे.

‘असह्य झाल्यावर घ्या’ हेही उलटं. पोटात घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. दुखणं पुरतं चढल्यावर तीच गोळी तोकडी पडते. म्हणून पहिले काही दिवस ती घड्याळ लावून घ्यायची. 2016 साली अमेरिकन पेन सोसायटीने भूलतज्ज्ञांच्या संघटनांना सोबत घेऊन ऑपरेशननंतरच्या वेदनांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. काही अडचण नसेल तर मोठ्या माणसांना पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकच्या जातीचं औषध किंवा दोन्ही द्यावीत, अशी ठाम शिफारस त्यात आहे. अशी वेगवेगळ्या तऱ्हेची औषधं मिळून दिली की मॉर्फिनसारखं कडक औषध कमी लागतं. दुखणं दाबल्याने टाके जुळत नाहीत असं असतं, तर जगभरचे सर्जन ही औषधं लिहून देत बसले नसते. हाडाच्या काही ऑपरेशनांनंतर डायक्लोफेनॅक टाळतात, पण ते ठरवणार सर्जन.

आता गिधाडं. हे वाक्य लोकांना पटतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशातून 99 टक्क्यांहून अधिक संपली. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. रायगडात म्हसळ्याकडे चिरगावला उरलेली गिधाडं जपायला लोकांनी काय कष्ट घेतले, ते कोकणात ठाऊक आहे. पण गिधाडाच्या शरीराला हे औषध मोडून बाहेर टाकणं जमत नाही. माणसाचं यकृत ते काही तासांत मोडतं. तीच ढोरं भटक्या कुत्र्यांनीही खाल्ली, आणि गिधाडं गेल्यावर कुत्रे वाढले.

किडनीबद्दल मात्र मान्य करावंच लागेल. वय झालेलं, आधीच किडनी अधू, अल्सर, बीपीच्या काही गोळ्या चालू, उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं, अशा माणसाला डायक्लोफेनॅक खरंच बाधू शकतं. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सर्जनना दाखवायची. त्याने पॅरासिटामॉल वाईट ठरत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला त्याची मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम. किरकोळ अंगाच्या, म्हाताऱ्या, यकृत अधू असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या आणि ‘कॉम्बिनेशन’च्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा.

सवयीचं म्हणाल तर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकचं व्यसन लागत नाही. मॉर्फिनच्या जातीच्या ट्रामाडॉलचं लागू शकतं, म्हणूनच 2018 पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. डॉक्टरांनी लिहिलेले थोडे दिवस घेऊन थांबवा. त्याने मलावरोध होतो आणि कुंथताना टाक्यांवर ताण येतो, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध सोबत मागून घ्या.

पाठीतल्या इंजेक्शनाने काही दिवस डोकं दुखू शकतं, टोचलेली जागा हुळहुळते. जन्माची कंबरदुखी त्याने होत नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, पण चिरलेल्या पोटाचं दुखणं त्याने थांबत नाही. आणि त्याच मेसेजच्या शेपटाला ‘भाताने पू होतो’ असं लिहिलंय: खुशाल पेज प्या, पचायला लागलं की मासे खा, जखम भरायला प्रथिनं लागतातच.

गोळी घेऊनही दुखणं दिवसागणिक वाढत असेल, ताप चढला, जखमेतून घाण येऊ लागली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. अचानक धाप लागली तर 108 ला.