भाकर जमिनीतून येते का?

शाळेच्या ग्रुपवर चार दिवस भांडण चालू आहे. बारावीची पोरं देवळाबाहेर रांगेत उभी, हॉलतिकीट देवापुढे ठेवायला, असा फोटो कुणीतरी टाकला आणि खाली लिहिलं, एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर! दुसरा म्हणाला, नुसत्या अभ्यासाने झालं असतं तर सगळेच कलेक्टर झाले असते. इथवर ठीक होतं. मग मी ज्यू, आता इस्राएलमध्ये राहणारी, म्हणून एकाने मला टॅग केलं, "हिला विचारा, ज्यू लोक देवाची वाट बघत बसत नाहीत, स्वतःच्या डोक्यावर चालतात, म्हणून तर पुढे गेले." त्यावर पंचवीस अंगठे.

डोकंच फिरलं माझं. कौतुक आहे म्हणून गप्प बसू? ठाण्यात आमच्या घरी येऊन मलिद्याचे, आमच्या नवसाच्या प्रसादाचे, पोहे खाल्लेत ना रे, तेव्हा दिसलं नाही का आमच्याकडे देवाचं नाव घेतल्याशिवाय पान हलत नव्हतं ते?

तुमचं हे भांडण तालमूदमध्ये, आमच्या जुन्या धर्मग्रंथात, केव्हाच झालंय. अलेक्झांड्रियाच्या लोकांनी रब्बी म्हणजे धर्मगुरू येहोशुआ बेन हनन्यांना विचारलं, शहाणं व्हायला काय करावं? ते म्हणाले, धंदा कमी करा, शिकायला बसा. लोक म्हणाले, पुष्कळांनी केलं, काही झालं नाही. मग म्हणाले, बुद्धी ज्याची आहे त्याच्याकडे दया मागा. मग शिकायचं तरी कशाला? तर एकाशिवाय दुसरं पुरत नाही म्हणून. झालं, एवढंच.

मी इथे अश्दोदला बेकरीत रात्रपाळी करते. गुरुवारी रात्री शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या पवित्र दिवसाचे, खला नावाचे पाव असतात, वेण्या घालून घालून बोटं आखडतात, पिठात बोट रुतवायचं आणि खड्डा हळूहळू भरून आला की भट्टीत घालायचं, हे आता डोळे मिटून जमतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच पावावर घरी म्हणायचं, हामोत्सी लेखेम मिन हाआरेत्झ, जमिनीतून भाकर काढणारा तू. जमिनीतून गहू येतो, भाकर मी केली रात्रभर उभं राहून. तरी त्यात माझं नाव नाही आणि मला ते बरोबरच वाटतं. टेबलावर खला दोन, कारण आमचे पूर्वज रानात भटकत होते तेव्हा देवाने दिलेलं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळायचा. आभाळातून यायचा, पण कुणाच्या ताटात येऊन पडत नव्हता, सकाळी उठून वेचायला लागायचा, ऊन चढलं की वितळायचा, एरवी उद्यासाठी ठेवला की किडे. खाटल्यावर देणारा हरी शोधणाऱ्यांनी हे वाचावं आणि सगळं आपल्याच मनगटात आहे म्हणणाऱ्यांनी तर आधी वाचावं.

भांडणं इथेही होतात, येशिवावाल्यांवरून, म्हणजे धर्मशाळेत फक्त धर्मग्रंथ शिकणाऱ्यांवरून, तर रोजच, पण परीक्षेला जाणाऱ्या पोरांची कुणी टर उडवत नाही.

आणि पुढे गेले म्हणजे काय? १९६२ मध्ये इथल्या रब्बींनी आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, लग्नाआधी मागच्या पिढ्या तपासायचं काढलं. आमची कोकणातली माणसं, देवभोळीच, पण १९६४ ला जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, सांगितलं की हे सर्व बाबतीत ज्यू आहेत.

खरं सांगू, मला लागलं ते 'ज्यू लोक' हेच. शाळेत मी तुमच्यातलीच होते, करांत आडनावाची. इथे वीस वर्षं झाली तरी तोंड उघडलं की होदित, म्हणजे भारतीय बाई. आता तुम्हीपण मला 'ते लोक' करून टाकलंत तर मी स्वतःला कुठली म्हणू?

पोराची फ्सिखोमेत्री, इथली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, पुढच्या महिन्यात आहे. कोर्सच्या फीसाठी दोन पाळ्या जास्त घेतल्यात आणि एलियाहू हानाबी या आमच्या संदेष्ट्याला मलिदा बोललेय. दोन्ही मीच केलंय, कुठलंच लपवणार नाही.

तो फोटो जरा मोठा करून बघा. रांगेत तिसऱ्या मुलीच्या हातात हॉलतिकिटाखाली वही आहे, पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेत, आणि ती उभ्या उभ्या वाचतेय.