दोन तारे आणि दोन ब्रास डेब्रिज

नमस्कार ताई,

तुमच्या अंगणात आम्ही केलेल्या बागेच्या कामाला तुम्ही ऑनलाइन दोन तारे दिलेत, तो अभिप्राय वाचला. पैसे मोजूनही मनासारखं काम झालं नाही असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. फोन लवकर लागत नाही ही तक्रारही मान्य, गणपतीच्या आठवड्यात तर लागतच नाही.

तुमचं म्हणणं असं की बोगनवेलीला एकही फूल नाही, गेटच्या दोन्ही बाजूंना फायकस सांगितले होते ते लावले नाहीत, लॉन पंधरा दिवसांत पिवळं पडलं, आणि ‘नऊ हजारांच्या झाडांसाठी चोपन्न हजारांचं बिल, मातीच्या नावाखाली पैसे उकळले’. पहिल्या तिन्हींचं थोडक्यात सांगतो. शेवटचं थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

बोगनवेल पावसात पानं वाढवते. तिला फुलायला कोरडी मुळं आणि रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मुंबईत ते पाऊस गेल्यावरच, म्हणजे ऑक्टोबर उलटला की. तोवर तिला शेणखत घालू नका, नाहीतर नुसत्या लांब हिरव्या फांद्या येतील. फायकस कुंडीत दिसायला देखणा, पण जमिनीत लावला की त्याची मुळं ओलाव्याच्या मागे ड्रेनेजच्या पाइपात शिरतात आणि कंपाउंडची भिंत उचलतात. तुमचा ड्रेनेजचा चेंबर गेटपासून तीन फुटांवर आहे. म्हणून तिथे तगर लावली आणि कोपऱ्यात, भिंतीपासून चार फूट सोडून चाफा. हे तुमच्या यजमानांसमोर बोलणं झालं होतं, त्यांना विचारा.

लॉनचं सांगायला जरा संकोच वाटतो. तुम्ही टाकलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात निळी ताडपत्री दिसते. गणपतीला पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी ती पाच दिवस गवतावर अंथरली होती ना? लॉनच्या चादरीखाली जेमतेम अर्धा-पाऊण इंच माती असते. खालच्या जमिनीत तिची मुळं धरायला तीन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर त्यावर पायसुद्धा ठेवायचा नसतो. ताडपत्रीखाली उजेड नाही, हवा नाही, वरून ऊन पडलं की वाफ. गवत पिवळं पडणार नाही तर काय होणार? भर पावसात लॉन घालू नये, ऑक्टोबरात घालू, असं कोटेशनच्या खाली लिहिलं होतं. ‘गणपतीआधी पाहिजेच’ हा आग्रह तुमचा होता. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही, सणाला घरापुढचं अंगण नीटनेटकं हवं हे कोणालाही कळतं.

आता माती. चोपन्नपैकी सत्तावीस हजार, म्हणजे निम्मं बिल, मातीत गेलं हे अगदी खरं आहे. झाडांचे नऊच हजार, हेही खरं. उरलेले अठरा हजार पायवाटेचे पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), लॉन, कडेचे दगड आणि लावणीची मजुरी. पण ‘उकळले’ हा शब्द वाचून वाईट वाटलं, म्हणून हिशेब इथेच मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही वाचता येईल.

तुमच्या अंगणात पहार मारली तेव्हा वरच्या चार बोटं मातीखाली विटांचे तुकडे, लाद्यांच्या कपच्या आणि सिमेंटचे गड्डे निघाले. घर बांधताना उरलेलं डेब्रिज तिथेच पसरून वर माती टाकलेली. त्याचे फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, निळ्या खुणाही आल्या होत्या. अंगण १८ बाय १२, म्हणजे २१६ चौरस फूट. त्यातली ३६ चौरस फूट पायवाट ८ इंच खणली, उरलेली १८० चौरस फूट जागा एक फूट. एकूण साधारण २०४ घनफूट, म्हणजे दोन ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). खणलेला माल सुटा झाला की पाव पटीने फुगतो, तेव्हा उचलायचा अडीच ब्रास. चारकोपच्या तुमच्या गल्लीत ट्रक वळत नाही. सगळं गोण्यांत भरून, डोक्यावरून नाक्यापर्यंत नेऊन टेम्पोत चढवावं लागलं. डेब्रिज खाडीच्या कडेला गुपचूप ओतणारे स्वस्तात करून देतात, आम्ही ते करत नाही. ठरलेल्या जागी टाकायचं तर भाडं आणि पैसे दोन्ही लागतात.

मग तेवढीच जागा परत भरायची. तीन घमेली लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड रेती, वर वाळवीसाठी निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुद्दाम कमी वापरलं, कारण जून ते सप्टेंबर इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कोकोपीट पाणी धरून बसतं. भरलेली माती पावसात पाचव्या-सहाव्या हिश्श्याने खाली बसते, म्हणून दोन इंच जास्तच भरली होती. तुम्हाला ती ‘उगाच ढिगारा केला’ अशी वाटली. तरीही मातीची पातळी घराच्या जोत्यापासून सहा इंच खाली ठेवलीय, नाहीतर हॉलच्या भिंतीला ओल आली असती. ओट्याकडून गेटच्या गटाराकडे बारा फुटांत दीड इंच उतार काढलाय. पेव्हरखाली चार इंच खडी ठोकून त्यावर एक इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा आहे, म्हणून पायवाट कुठे खचलेली नाही.

हे सगळं न करता काम झालं असतं का? झालं असतं. झाडापुरता खड्डा काढायचा, त्यात दोन घमेली माती, वर लॉनची चादर. निम्म्या पैशात, दोन दिवसांत. पण डेब्रिजमध्ये काढलेला खड्डा जुलैत बादलीसारखा भरतो, पाणी खाली जात नाही आणि मुळं सडतात. शिवाय सिमेंट-चुन्याने जमीन अल्कधर्मी होते. एक्झोराच्या झुडपाला आणि जास्वंदाला तशा जमिनीतून लोह घेता येत नाही. मग पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं वर्षभरात दिसायला लागतं. लोक खतावर खत घालतात, उपयोग शून्य. कोकणातली लाल माती मुळात आम्लधर्मी, म्हणून तीच आणली. तुमच्याच दुसऱ्या फोटोत एक्झोराची पानं बघा, गर्द हिरवी आहेत.

अर्थात नुसत्या लॉनला सहा इंच पुरले असते, ही शंका कोणी काढली तर ती रास्त आहे. पण तुम्हाला गेटच्या दोन्ही बाजूंना झुडपांची रांग हवी होती आणि झुडपांना फूटभर माती लागतेच.

यापुढे कोटेशनमध्ये मातीचं काम जरा वेगळं दाखवायचं बघतो, फोनचंही काहीतरी करतो. लॉनसाठी माळी शनिवारी सकाळी येईल, त्याचे पैसे घेणार नाही. मेलेलं गवत खरवडून तो वर अर्धा इंच रेती-शेणखत पसरेल, जिथे मुळंच गेलीत तिथे नवीन तुकडे लावेल. पाऊस असेल त्या दिवशी पाइप लावू नका, संध्याकाळी तर नकोच, बुरशी धरते.

तारे वाढवा असं म्हणत नाही, ती तुमची इच्छा. फक्त ‘उकळले’ एवढी ओळ जमल्यास काढा. चौकशीला फोन करणारे आता पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि कामावरच्या माणसांचे पगार त्याच फोनांवर चालतात.

शनिवारी गेट उघडं ठेवा. आणि स्कूटर कृपया पेव्हरवर लावा, गवतावर नको.