नवतपात चालतो तो गेम खरा

गेम सुचवताना लोक ग्राफिक्स सांगतात, स्टोरी सांगतात, किती जीबी जागा लागते तेही सांगतात. नागपुरात मे महिन्यात खोलीतच ४० डिग्री असू शकते, हे मात्र कोणी धरत नाही. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. डिसेंबरात २० डिग्रीच्या खोलीत ८० वर चालणारा प्रोसेसर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, १०० ला टेकणार, हा सरळ हिशेब आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. मग भाऊ लोक ड्रायव्हर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात, आणि उकाडा तसाच.

सुदैवाने सध्या लोक ज्या गेमवर जीव टाकतात, त्यातले बरेचसे हलके आहेत. माझ्या मते त्यांत पहिला नंबर बलाट्रोचा, म्हणजे पोकरच्या हातांवर गुण जमवायच्या पत्त्यांच्या गेमचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉम्प्युटरवर आला, सप्टेंबरात मोबाइलवर. एकदाच पैसे द्यायचे; जाहिराती नाहीत, नेटही लागत नाही. पत्ते दिसले की घरचे जुगार समजतात. युरोपच्या रेटिंगवाल्यांनीही आधी १८ वर्षांची अट घातली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १२ वर आणली. खरा पैसा यात कुठेच नाही, त्यामुळे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातल्या पैशांच्या खेळांवरच्या बंदीशी याचा संबंध नाही.

हिशेब असा. पहिल्या ब्लाइंडला, म्हणजे फेरीला, ३०० गुण हवेत. तीन पत्तीत ज्याला आपण कलर म्हणतो तो इथे पाच पानांचा: ३५ चिप्स (मूळ गुण), त्यात पानांचे गुण मिळवायचे, गुणिले ४. बदामाचे एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चव्वी टाकली तर ११+१०+९+७+४ म्हणजे ४१, त्यात ३५ मिळवून ७६, गुणिले ४ म्हणजे ३०४. एका हातात काम फत्ते. राजाची जोडी टाकली तर मिळतात फक्त ६०. म्हणून सुरुवातीला डिस्कार्ड, म्हणजे नको ती पानं बदलायची संधी, वाचवू नका, एका रंगाची पानं जमवायला खर्च करा.

पुढे जोकर येतात, म्हणजे गुण वाढवणारी विकतची खास पानं, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. साधा जोकर गुणकात ४ मिळवतो, ट्राइब नावाचा जोकर कलर लागला की गुणक दुप्पट करतो. साधा डावीकडे ठेवला तर (४+४)×२ म्हणजे १६. उलट ठेवला तर ४×२+४, म्हणजे १२. त्याच पानांवर १२१६ आणि ९१२ इतका फरक! जोकर बोटाने सरकवता येतात हे कित्येकांना वीस-वीस डाव खेळून माहीत नसतं. मिळवणारे डावीकडे, गुणणारे उजवीकडे.

पैशांचं तंत्रही पक्कं आहे. हातातल्या दर ५ डॉलरवर १ डॉलर व्याज, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ डॉलर गाठीला ठेवून वरचेच खर्च करायचे. पहिल्या दोन अँटीत (तीन ब्लाइंडचा टप्पा म्हणजे अँटी, त्यातला तिसरा ब्लाइंड बॉसचा) मात्र हा नियम मोडा, तेव्हा जोकर घेतला नाही तर व्याज खायला तुम्ही उरत नाही. पाचव्या अँटीला मूळ आकडा ११ हजार होतो, आठव्याला ५० हजार, बॉसला साधारण त्याच्या दुप्पट. नुसते मिळवणारे जोकर घेऊन बसलेले पाचव्या-सहाव्याला गळतात ते यामुळेच. आणि बॉस कोणता ते अँटीच्या सुरुवातीलाच दिसतं, ते वाचा. बदामाची पानं निकामी करणारा बॉस समोर असताना सगळी पानं बदामाची करून ठेवणाऱ्याला काय म्हणावं बाप्पा!

सिल्कसाँग वेगळ्या जातीचा, उड्या आणि मारामारीचा. सहा-साडेसहा वर्षं वाट पाहायला लावून ४ सप्टेंबर २०२५ ला आला, जुन्या ग्राफिक्स कार्डवरही चालतो, आणि छळतो. पहिली अडचण खाली वार करण्याची: सुरुवातीच्या क्रेस्टमध्ये (क्रेस्ट म्हणजे लढण्याची पद्धत ठरवणारं चिन्ह) नायिका हॉर्नेट तिरकी झेपावते, सरळ खाली नाही. त्यामुळे शत्रूच्या डोक्यावर जाऊन नव्हे, थोडं बाजूला राहून बटण दाबा. सरळ वार हवा असेल तर वाँडरर क्रेस्ट शोधा. दुसरी अडचण जिवाची. मुखवटे पाच, आणि बरेच बॉस एका फटक्यात दोन नेतात. बाइंड केलं, म्हणजे जीव भरला, की तीन परत मिळतात. तीन उरले असताना भरलं तर एक वाया जातो. एकावर आल्यावर भरू म्हणून थांबलात तर तेवढी उसंत बॉस देत नाही. मी म्हणेन, तिनावर भरा. हे हवेतही करता येतं. मणी, म्हणजे इथले पैसे, जपायचे तर दुकानातून त्यांची माळ करून घ्या. थोडं कमिशन जातं, पण मेल्यावर माळ हातून सुटत नाही.

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम जुना असला तरी अजून खेळला जातोच. त्याबद्दल एकच: कॉम्प्युटरवर तो फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. आपल्याकडे दुपारी लाइट गेली की गेममधला अख्खा दिवस गेला. वसंताच्या १३ तारखेला जत्रेतून स्ट्रॉबेरीचं बी घेतलं तर त्याच दिवशी लावून पाणी द्या आणि झोपा. २१ ला आणि २५ ला अशी दोन पिकं निघतात. चौदावर ढकललं तरी दोन निघतील, पण सोळाच्या पुढे रेंगाळू नका.

जड गेमच खेळायचा तर एक्स्पिडिशन ३३ घ्या, तेवढी त्याची योग्यता आहे. पण परी करण्यासाठी, म्हणजे शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवण्यासाठी, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकसारखी हवी. ९० वरून ४५ वर आपटणाऱ्या गेमपेक्षा ४५ वर बांधलेला बरा, म्हणून फ्रेमची मर्यादा लावा. आधी डॉज, म्हणजे वार चुकवणं, शिका; 'परफेक्ट' असं वारंवार यायला लागलं की त्याच क्षणाला परी लागते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ची ९९ केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचला. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून आतल्या पात्यांवर चिखलासारखा थर बसतो, मग तो ब्रशनेही निघत नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसचा आकडा बघावा. ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॉट देतो, ग्राफिक्स कार्ड जोरात असेल तर लाइट जाताच तोही बसतो. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी ग्राफिक्स स्मूथवर ठेवून फ्रेम वाढवावी, कव्हर काढावं आणि चार्जिंगला लावून खेळू नये.