‘वेगवान घोडा’ कुणी मागितलाच नव्हता

नवउद्योजकांच्या गटांमध्ये एक मजकूर गेली काही वर्षं सारखा फिरतो आहे. ‘उत्पादन काढण्याआधी ग्राहकांशी बोलायला हवं’ असं कुणी म्हणालं की कुणीतरी तो पुढे करतंच. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: ग्राहकाला काय हवं ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. हेन्री फोर्डने लोकांना विचारलं असतं, तर त्यांनी वेगवान घोडा मागितला असता. स्टीव्ह जॉब्सने कधी मार्केट रिसर्च केला नाही. सोनीने वॉकमन काढला तो कुणालाही न विचारता. कोका-कोलाने दोन लाख लोकांना विचारलं आणि तोंडघशी पडली. लोक बोलतात एक, करतात भलतंच. तसाही आता सगळा डेटा आपल्याकडे असतो आणि रिसर्च मोठ्या कंपन्यांनाच परवडतो. तेव्हा मनाचा कौल घ्या आणि माल बाजारात उतरवा.

ग्राहकांच्या मुलाखती घेणं आणि त्यांना वस्तू वापरताना पाहणं हे माझं रोजचं काम आहे. या मजकुरावर भिस्त ठेवून माणसांनी आपली वर्षानुवर्षांची बचत घालवलेली मी जवळून पाहिली आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा हातात घेते.

सुरुवात घोड्यापासून. फोर्ड हे वाक्य बोलल्याचा पुरावा नाही. ते १९४७ साली वारले, आणि त्यांच्या हयातीतल्या लेखांत, भाषणांत वा मुलाखतींत हे वाक्य सापडत नाही. त्यांच्या नावावर ते चढलं ते त्यानंतर कित्येक दशकांनी. पण वाक्य खोटं आहे एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण त्यातला विचारही इतिहासाशी जुळत नाही. कार्ल बेंझ यांनी मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ साली आणि फोर्डची मॉडेल टी आली १९०८ साली. मधल्या बावीस वर्षांत लोकांनी मोटार पाहिली होती, तिच्याबद्दल वाचलं होतं, शेजारच्या श्रीमंताकडे ती उभी असलेली बघितली होती. अडचण होती किमतीची आणि भरवशाची. त्या काळी कुणी त्यांना विचारलं असतं, तर ‘आम्हाला परवडेल आणि वाटेत बंद पडणार नाही अशी मोटार द्या’ हेच उत्तर येण्याचा संभव अधिक. फोर्ड यांनी केलं तेही नेमकं हेच. ८५० डॉलरपासून सुरू झालेली मॉडेल टी, १९१३ मध्ये आलेल्या फिरत्या असेंब्ली लाइनच्या जोरावर, १९२५ च्या सुमारास तीनशे डॉलरच्याही खाली आली.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र तो मजकूर कधीच सांगत नाही. १९२० च्या दशकात गिऱ्हाईक बदललं. पहिली मोटार घेऊन झालेली माणसं आता दुसरी मोटार घेत होती आणि त्यांना रंग हवे होते, बंद केबिन हवी होती, हप्त्याने पैसे भरायची सोय हवी होती. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी हे ओळखलं आणि प्रत्येक खिशाला व प्रत्येक कामाला वेगळी गाडी असं धोरण आखलं. फोर्ड त्यांच्या एकाच मॉडेलला धरून बसले. १९१४ ते १९२५ या काळात तर ती गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. शेवटी १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली आणि ‘मॉडेल ए’ या नव्या गाडीसाठी कारखाने कित्येक महिने थांबवावे लागले. पहिला नंबर जनरल मोटर्सकडे गेला. पुढे १९३० च्या दशकात त्याच कंपनीत हेन्री वीव्हर यांच्या हाताखाली ग्राहक संशोधनाचा स्वतंत्र विभाग होता, तो वाहनधारकांना टपालाने प्रश्नावल्या पाठवून त्यांच्या आवडीनिवडी गोळा करायचा. ‘ग्राहकाला विचारू नका’ याचा आदर्श म्हणून ज्या माणसाचं नाव घेतलं जातं, त्याने आपला बाजार गमावला तो ग्राहकाकडे पाठ फिरवल्यामुळे.

जॉब्सच्या ज्या वाक्याचा आधार घेतला जातो ते खरं आहे, फक्त अर्धवट सांगितलं जातं. १९९८ साली ‘बिझनेसवीक’ला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले होते की फोकस ग्रुपच्या आधारे उत्पादन डिझाइन करणं फार अवघड असतं, कारण पुष्कळदा दाखवल्याशिवाय लोकांना काय हवं ते कळत नाही. मला हे शब्दशः मान्य आहे. आठ अनोळखी माणसांना एका खोलीत बसवून ‘तुम्हाला कसा फोन हवा?’ विचारलं, तर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याच्या मताचा फोन तयार होईल. मुलाखतीच्या या पद्धतीचा पाया घालणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीही, तिच्यातून नव्या कल्पना आणि अंदाज मिळतात, ते पुढे तपासून घ्यायचे असतात, असंच म्हटलं होतं. पण ‘डिझाइन करून घेऊ नका’ यावरून ‘काहीच विचारू नका’ कसं निघतं? वाक्यातला ‘दाखवल्याशिवाय’ हा शब्द तर दाखवायलाच सांगतो आहे. कच्चा नमुना करा, लोकांच्या हातात द्या, ते काय करतात ते पाहा. हेही संशोधनच.

आणि ॲपल रिसर्च करत नाही, हे तर खुद्द ॲपलच्या कागदांनी खोडून काढलं. २०१२ साली सॅमसंगविरुद्धच्या पेटंट खटल्यात तिचे अंतर्गत सर्व्हे पुढे आले. आयफोन घेणाऱ्यांना कंपनी नियमित विचारत होती की तुम्ही हाच फोन का घेतला, कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. हे कागद स्पर्धकांच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीने न्यायालयात धडपड केली. ज्याचा उपयोग नाही ते एवढं जपून कुणी ठेवत नाही.

वॉकमनची गोष्ट मला फार आवडते, कारण ती मजकुराच्या बाजूने सांगितली जाते आणि नीट ऐकली तर उलट्या बाजूला जाते. सोनीचे मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं आणि हाताशी असलेलं यंत्र जड होतं. म्हणजे खरी गरज असलेला एक खरा माणूस समोर होता. तो कंपनीचाच संस्थापक होता, इतकंच. १९७९ साली वॉकमन आला. सोनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना मनातून वाटत होतं की एकट्यानेच गाणी ऐकणं लोकांना असभ्य वाटेल. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि संगीत मंद करून एकमेकांशी बोलण्यासाठी वेगळं बटणही होतं. प्रत्यक्षात लोकांना तो स्वतःपुरताच हवा होता. सोनीने ते पाहिलं आणि पुढे ती सोय गेली. मनाचा कौल यंत्राबाबत बरोबर आला, वापराबाबत चुकला, आणि चूक सुधारली ती ग्राहकाकडे पाहून.

शिवाय मनाच्या कौलावर निघून बुडालेल्यांची नावं या मजकुरात का नसतात? सेगवे ही उभ्याने चालवायची दोन चाकांची गाडी २००१ साली मोठ्या गुप्ततेतून बाहेर आली. निर्मात्यांना आठवड्याला दहा हजार गाड्या खपतील असं वाटत होतं. २००६ मध्ये तोवर विकलेल्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, तेव्हा आकडा निघाला साडेतेवीस हजारांच्या आसपास. तंत्र अचाट होतं. पण ती चालवायची पदपथावर की रस्त्यावर, ठेवायची कुठे, जिना आला तर काय करायचं, हे प्रश्न वापरणाऱ्याच्या दिवसात शिरल्याशिवाय दिसत नाहीत.

आता न्यू कोक. हा या मजकुराचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो, म्हणून इथे थोडं थांबते. १९८५ च्या एप्रिलमध्ये कोका-कोलाने आपली जुनी चव बदलली. त्याआधी जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि नव्या चवीला पसंती मिळाली होती. लोक इतके भडकले की एकोणऐंशी दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. यावरून ‘विचारणं व्यर्थ’ असं म्हणायचं, तर आधी काय विचारलं ते बघायला हवं. चाचणीत प्रश्न होता: या घोटांतला कोणता बरा लागतो? बाजारात निर्णय होता: तुमची लहानपणापासूनची चव आम्ही कायमची काढून घेतो आहोत. एक-दोन घोटांत गोड पेय जिंकतं, पण अख्खी बाटली घरी बसून संपवणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी माल आठवडाभर घरी देऊन पाहायची वेगळी पद्धत असते. आणि हातातली वस्तू जाणार म्हटल्यावर माणसाला काय वाटेल, हे जिभेला विचारून कळत नाही. प्रश्न अपुरा असला की माणसं दोन लाख काय, वीस लाख घेतली तरी तो पुरा होत नाही. माणसं चुकीची निवडली तरी तसंच. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरं गोळा केली होती आणि रूझवेल्ट हरणार असं छापलं होतं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारधारकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांतून. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

‘लोक बोलतात एक, करतात भलतंच.’ खरं आहे, आणि संशोधन करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९५० साली मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. झटपट कॉफी का नको, असं विचारल्यावर बायका चवीचं कारण द्यायच्या. हेअर यांनी खरेदीच्या दोन याद्या केल्या. बाकी सगळं सारखं, फक्त एकीत झटपट कॉफी आणि दुसरीत नेहमीची. प्रत्येक यादी पन्नास स्त्रियांना दाखवून विचारलं, ही यादी करणारी बाई कशी असेल? झटपट कॉफीवालीला ४८ टक्क्यांनी आळशी म्हटलं, नेहमीच्या कॉफीवालीला ४ टक्क्यांनी. चव ही सबब होती, आड येत होती ती ‘लोक काय म्हणतील’ची भीती. सरळ प्रश्नाने जे बाहेर आलं नाही, ते वाकड्या वाटेने आलं.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका ॲपसाठी आम्ही सर्व्हेत विचारलं, ‘दर महिन्याला सविस्तर अहवाल मिळाला तर वापराल का?’ जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. काही महिने खपून तो अहवाल केला आणि तो कुणी उघडेना. मग मी काही जणांसमोर जाऊन बसले आणि विचारलं, ‘मागच्या महिन्यात हिशेब शेवटचा कधी पाहिलात? तेव्हा काय झालं होतं?’ एकामागून एक तेच उत्तर आलं: कुणाकडून तरी पैसे यायचे होते, म्हणून त्या एका नोंदीचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. त्यांना एक नोंद सहज पाठवता यायला हवी होती. आधी खोटं कुणीच बोललं नव्हतं. आम्ही त्यांना भविष्य विचारलं होतं, आणि भविष्याबद्दल माणूस स्वतःविषयी चांगलंच बोलतो, समोरच्याचं मन मोडायलाही धजत नाही. झालेली गोष्ट विचारली की तपशील येतात.

किमतीचंही तसंच. ‘किती पैसे द्याल?’ हा वाया जाणारा प्रश्न आहे. त्याऐवजी दोन-तीन पूर्ण पर्याय समोर ठेवून एक निवडायला लावायचा, पर्याय बदलत राहायचे, आणि माणूस कशासाठी काय सोडतो ते मोजायचं. पॉल ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रुजवलेल्या कॉन्जॉइंट पद्धतीचं हे एक रूप. मॅरियटने ‘कोर्टयार्ड’ ही हॉटेलांची साखळी अशाच अभ्यासावर आखली होती.

‘आता डेटा आपल्याकडे असतोच’ या मुद्द्याला फार वेळ देत नाही. गिऱ्हाईक कुठे सोडून गेलं ते आकड्यांत दिसतं, का गेलं ते दिसत नाही. आणि जे कधी आलंच नाही त्याची तर नोंदच नसते. पण डेटाने एक मोठी गोष्ट दाखवली आहे, ती मनाच्या कौलावाल्यांनी जरूर वाचावी. मायक्रोसॉफ्टमध्ये ए/बी चाचण्यांचं, म्हणजे एकाच गोष्टीची दोन रूपं वेगवेगळ्या वापरकर्त्यांना दाखवून तुलना करण्याचं, काम पाहिलेल्या रॉन कोहावी यांनी नोंदवलं आहे की तिथे तपासलेल्या कल्पनांपैकी जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनी अपेक्षित सुधारणा घडवली. बाकीच्यांचा काही परिणाम झाला नाही किंवा उलटा झाला. त्या सगळ्या कल्पना जाणत्या माणसांना मनापासून पटलेल्याच होत्या.

उरला खर्चाचा मुद्दा, आणि सगळ्यांत जास्त नुकसान हाच करतो, कारण ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच तो संशोधनापासून दूर ठेवतो. जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये हिशेब मांडला होता की वापरातल्या अडचणींपैकी सरासरी ३१ टक्के अडचणी एकेका माणसाकडून कळतात. त्या हिशेबाने पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हा आकडा वापरातल्या अडथळ्यांपुरता आहे. किती जण विकत घेतील ते पाच जणांवरून ठरवता येत नाही. पण पाच जणांसाठी ना एजन्सी लागते ना मोठं बजेट. नातेवाईक आणि मित्र सोडून, ज्यांची ती अडचण खरोखर आहे असे पाच जण शोधा. ते काम करतात तिथे जा. पहिला अर्धा-पाऊण तास तुमच्या कल्पनेबद्दल अक्षर काढू नका. मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा त्यांनी काय केलं, त्यावर किती वेळ आणि पैसा घातला, ते विचारा. काहीच घातला नसेल, तर तेही लिहून घ्या. मग तुमचा कच्चा नमुना त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांनी चुकीचं बटण दाबलं तरी हात पुढे करू नका. कुठे थबकले, कुठे मागे फिरले, तेवढं वहीत टिपत राहा.