लंडन ते मुंबई, व्हाया हिशेब

लंडनहून मुंबईचं तिकीट काढताना पैसे भरायच्या पानावर कर आणि शुल्कांची एक बारीक ओळ असते, आणि तिच्या शेजारी खाली वळलेला इवलासा बाण. तो बाण दाबू नये, असं माझं ठाम मत आहे. दाबला की ‘जीबी’, ‘यूबी’, ‘वायक्यू’, ‘वायआर’ अशी दोन-दोन अक्षरांची माणसं बाहेर येतात आणि प्रत्येकाच्या हातात पावतीपुस्तक असतं. यांतला यूबी हा विमानतळाचा प्रवासी आकार. वायक्यू आणि वायआर हे विमानकंपनीनं स्वतःच लावलेले अधिभार. करांच्या रांगेत उभे राहतात म्हणून त्यांना सरकारी समजायचं कारण नाही. अस्सल सरकारी तो जीबी. पूर्ण नाव एअर पॅसेंजर ड्यूटी, आम्हा ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या तोंडी एपीडी. 1 एप्रिल 2026 पासून भारताला निघालेल्या इकॉनॉमीतल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे तो 102 पौंड आहे.

हा कर ब्रिटनमधून निघताना लागतो, येताना नाही. म्हणजे मुलाकडे सहा महिने राहून, नातवाला वरणभात खायला शिकवून आईबाबा परत मुंबईला निघाले की 102 अधिक 102 त्यांनी ब्रिटिश तिजोरीत टाकलेले असतात. तिकीट दादरच्या एजंटाकडून रुपयांत काढलं होतं, ही सबब चालत नाही. विमानकंपनीकडे साठवलेल्या मैलांवर मिळवलेलं ‘फुकट’ तिकीटही यातून सुटत नाही.

कर बसवला कसा, त्याची कथा सरळ आहे. 1944च्या शिकागो करारानं येणाऱ्या विमानाच्या टाकीत असलेल्या इंधनावर कर लावायचा नाही असं ठरलं, आणि पुढे देशादेशांतल्या करारांनी आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं उरलंसुरलं इंधनही मोकळं सोडलं. विमानाच्या तिकिटावर ब्रिटनमध्ये व्हॅटही शून्य. आपण गाडीत पेट्रोल भरताना निमूट कर देतो आणि डोक्यावरून जाणारं विमान काहीच देत नाही, हे इथल्या अर्थमंत्र्यांना खुपणं साहजिक होतं. टाकीला हात लावता येत नव्हता, म्हणून माणसाला लावला. तेव्हाचे अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी 1993च्या नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात घोषणा केली आणि 1 नोव्हेंबर 1994 पासून युरोपला 5 पौंड, बाकी जगाला 10 पौंड असा कर सुरू झाला. तेव्हाही वाद झालाच. विमानकंपन्या म्हणाल्या, पर्यटन बुडेल. सरकार म्हणालं, दहा पौंडांनी काय होतंय!

त्या दहाचे 1997 मध्ये वीस झाले. 2007च्या फेब्रुवारीत वीसचे चाळीस झाले आणि या वेळी कारण पर्यावरणाचं होतं. वाढ आधीच तिकीट काढून बसलेल्यांनाही लागू झाली, कारण दर ठरतो तो उड्डाणाच्या तारखेवर, बुकिंगच्या नाही. एप्रिलमध्ये निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 31 मार्चला रात्री उडालेलं विमान आणि मध्यरात्र उलटल्यावर उडालेलं विमान, यांच्या करात फरक असू शकतो.

खरी बहार आली 2009च्या नोव्हेंबरमध्ये. सरकारनं जगाचे चार पट्टे पाडले: 2000 मैलांपर्यंत, 4000 पर्यंत, 6000 पर्यंत आणि त्यापलीकडे. अंतर मोजायचं लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत, तुम्ही उतरणार कुठे याच्याशी कराला देणंघेणं नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, साधारण 3700 मैल, म्हणून सगळी अमेरिका दुसऱ्या पट्ट्यात. त्यात सात हजारांहून जास्त मैलांवरचं होनोलुलूही आलं. बार्बाडोसचं ब्रिजटाऊन मात्र 4000च्या रेषेपलीकडे पडलं, त्यामुळे आजीला भेटायला बार्बाडोसला जाणारा माणूस हवाईला लाटांवर खेळायला जाणाऱ्यापेक्षा जास्त कर भरू लागला. ब्रिटनमधली कॅरिबियन मंडळी यावर वर्षानुवर्षं भांडली, आणि त्यांचं बरोबर होतं. आपली गत तशीच. इस्लामाबाद रेषेच्या अलीकडे, दिल्ली जेमतेम दीड-दोनशे मैल पलीकडे. मुंबईला उतरणारा असो की कोचीला, हिशेब दिल्लीचाच. 2014 मध्ये भारताचा दर 85 पौंड होता. 2015च्या एप्रिलमध्ये 2000 मैलांपलीकडचं सगळं जग एकाच पट्ट्यात आलं आणि आपण 71 वर उतरलो. हा आनंद फार टिकला नाही, हे वरच्या 102 वरून कळलंच असेल. 2023 पासून 5500 मैलांपलीकडे पुन्हा वेगळा पट्टा आहे. दिल्ली त्याच्या अलीकडे राहिली, एवढंच समाधान.

आता पायांचा प्रश्न. 102 पौंड हा दर विमानातल्या सर्वांत खालच्या वर्गाचा, आणि त्यालाही अट अशी की सीटची पिच, म्हणजे एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर, 40 इंचांहून जास्त नसावं. वरच्या कुठल्याही वर्गाला 244 पौंड. कोणाला वाटेल, ही श्रीमंतांची सोय झाली, आपल्याला काय! पण प्रीमियम इकॉनॉमी हा वरचा वर्ग धरतात. इकॉनॉमीची पिच साधारण 31 इंच, प्रीमियमची साधारण 38. म्हणजे चाळिशीच्या आतच, तरीही कर बिझनेस क्लासइतका. सात इंचांसाठी 142 पौंड जादा, इंचाला वीस पौंडांहून किंचित जास्त, आणि हा नुसता कर, भाडं वेगळं. गुडघेदुखी असलेल्या बाबांना प्रीमियममध्ये बसवायचं ठरवताना मुलं भाड्याचा विचार करतात, या इंचांचा करत नाहीत.

मुलांच्या बाबतीत सरकार मऊ आहे. 2015 मध्ये बारा वर्षांखालची आणि 2016 मध्ये सोळा वर्षांखालची मुलं सुटली, पण फक्त सर्वांत खालच्या वर्गात. मुलाला प्रीमियममध्ये बसवलं की तो करापुरता प्रौढ होतो. वय मोजायचं ते उड्डाणाच्या दिवशीचं. तेव्हा मे-जूनमध्ये मुलाचा सोळावा वाढदिवस येत असेल, तर केक पुण्यात कापावा. परतीला वाढदिवस उलटला तरी बिघडत नाही, कारण परतीच्या उड्डाणाला हा कर नाहीच.

इथवर कळलं की मराठी माणूस गप्प बसत नाही. तो द्राविडी प्राणायामाला लागतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दर सुट्टीआधी एक काका उगवतात आणि युक्ती सांगतात: लंडन-पॅरिस वेगळं तिकीट काढा, पॅरिस-मुंबई वेगळं, कर फक्त 15 पौंड! काकांचं गणित खरं आहे. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील आणि मधला थांबा 24 तासांच्या आत असेल, तर शेवटचं ठिकाण धरतात, म्हणजे भारत. तिकिटं सुटी असली की पॅरिसच शेवटचं. वाचले 87 पौंड.

फक्त काकांचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. तुमचा भारतीय असेल तर सुट्या तिकिटावर सामान मुंबईपर्यंत टॅग होईलच असं नाही. पॅरिसला बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करायला बाहेर यावं लागलं, तर शेंगेन व्हिसा हवा. मोठ्या माणसाला त्याची फी 90 युरो, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा, बोटांचे ठसे द्यायला जायचं भाडं वेगळं. त्यात पहिलं विमान तीन तास उशिरा आलं आणि मुंबईचं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची कसली जबाबदारी नाही. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावानं घ्या. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

कायद्यात बसणारी वाट म्हणजे एकाच तिकिटावर इस्तंबूलला 24 तासांहून जास्त मुक्काम. तुर्कस्तानची राजधानी अंकारा 2000 मैलांच्या आत, म्हणून 15 पौंड. मग हॉटेल, टॅक्सी आणि बाजारात घेतलेले दिवे यांचा हिशेब कोणी मांडू नये. डब्लिनची वाटही प्रसिद्ध आहे. आयर्लंडनं आपला कर 2014 मध्ये शून्यावर आणला. डब्लिन-लंडन-मुंबई असं एकच तिकीट असेल आणि लंडनला 24 तासांच्या आत पुढचं विमान असेल, तर एपीडी नाही. पण प्रवास खरोखरच डब्लिनहून सुरू करावा लागतो. ‘पहिला टप्पा सोडून देऊ, लंडनलाच चढू’ असं ज्यांना सुचतं, त्यांचं पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या इन्व्हर्नेसहून उडणाऱ्यांनाही माफी आहे. लंडनहून तिथवर रेल्वेनं आठेक तास, त्यामुळे ही युक्ती सांगणारे भेटतात, केलेले नाहीत.

माफीचा सर्वांत देखणा नमुना उत्तर आयर्लंडचा. बेलफास्टहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जाणारं विमान टिकावं म्हणून तिथून थेट लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरचा कर 2013च्या जानेवारीपासून शून्य केला. 2017च्या जानेवारीत ती फ्लाइटच बंद झाली. शून्य कर आजही तसाच आहे.

माझं स्वतःचं म्हणणं विचाराल, तर कर असावा. इंधन मोकळं सोडल्यावर कुठेतरी हात घालावाच लागणार, आणि यातून वर्षाला सुमारे चार अब्ज पौंड येतात. कुठलाच पक्ष ते सोडणार नाही. माझी तक्रार डोकी मोजण्याविरुद्ध आहे. विमान अर्धं रिकामं उडालं तर सरकारला अर्धाच कर मिळतो आणि धूर मात्र जवळजवळ पूर्ण निघतो. एसटी रिकामी धावली तरी डिझेल जळतंच. माणसाऐवजी विमानावर कर लावायचा विचार लेबर पक्षाच्या सरकारनं 2007 मध्ये मांडला आणि 2008 मध्ये गुंडाळला. नंतरच्या आघाडी सरकारनं तोच पुन्हा काढला आणि 2011 मध्ये पुन्हा ठेवून दिला. वर्षातून एकदा आईला भेटायला जाणारा आणि महिन्यातून दोनदा गोल्फ खेळायला जाणारा, दोघांना प्रत्येक फेरीला तोच दर. मोठ्या खासगी जेटवाल्यांना मात्र भारतासाठी माणशी 1097 पौंड आहेत. आमच्या ग्रुपवर या दराविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

शेजाऱ्यांचं पाहून शिकावं म्हटलं तर शेजारीच गोंधळलेले. नेदरलँड्सनं 2008च्या जुलैमध्ये जवळच्या प्रवासाला 11.25 आणि लांबच्याला 45 युरो लावले. डच माणसं गाडी काढून सीमेपलीकडे जर्मनीच्या वीझ आणि ड्युसेलडॉर्फला, नाहीतर ब्रसेल्सला जाऊन उडू लागली. वर्षभरात कर शून्य! मग 2011 मध्ये जर्मनीनं स्वतःच कर लावला, आणि 2021 मध्ये डचांनी पुन्हा. स्वीडननं 2018 मध्ये आणलेला कर 2025च्या जुलैमध्ये काढला. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुलापलीकडच्या डेन्मार्कनं नवा सुरू केला होता. आपल्याकडे परदेश प्रवास कर म्हणून 500 रुपये घेत, तो 2004च्या जानेवारीत गेला. पुढे सेवाकर, मग जीएसटी, विमानतळाचं विकास शुल्क आणि सुरक्षा शुल्क आलं, त्यामुळे त्याची उणीव कोणाला भासली नाही.

एक कामाची गोष्ट राहिली. प्रवास झालाच नाही, तर एपीडी लागतच नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी कंपनी ती रक्कम परत करू शकते, फक्त आपण मागावी लागते. काही कंपन्या त्यातून प्रक्रिया शुल्क कापतात, आणि युरोपच्या 15 पौंडांत ते शुल्क वजा केल्यावर हाती धुपाटणं उरू शकतं. भारताच्या 102 साठी मात्र अर्ज जरूर करावा. ‘भाडं परत द्या’ असं लिहू नये, तिकिटाच्या अटींचा उतारा उत्तरात येतो. ‘जीबी कोडखालचा कर परत द्या’ एवढंच लिहावं, सोबत तिकीट क्रमांक द्यावा, आणि वायक्यूचं नाव काढू नये.