सिम नको म्हणता म्हणता जीपीएसही गेला

भाच्याचा मेसेज आला तेव्हा इथे फिनिक्समध्ये रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तो जळगावचा. आता कमर्शियल पायलट लायसन्ससाठी ॲरिझोनात येतोय. "मामा, हे बरोबर आहे ना? उद्या पप्पांबरोबर टॅब घ्यायला जातोय," आणि खाली एक फॉरवर्ड. फ्लाइंगला निघालेल्या मुलांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच आहे, मला स्वतःला तो तिसऱ्यांदा आला. कॉकपिटमध्ये नकाशा बघायला टॅब कुठला घ्यावा, यावर ‘सीनियर कॅप्टनचा सल्ला’ असा मथळा, कॅप्टनचे नाव नाही. सल्ला थोडक्यात असा:

सेल्युलर मॉडेलवर पैसे घालवू नका, आकाशात नेटवर्क नसते, वायफायवाला घ्या. स्क्रीन जेवढा मोठा तेवढा नकाशा स्पष्ट, म्हणून १३ इंचीच घ्या. सर्वांत नवी चिप हवी, नाहीतर ॲप अडकते. अँड्रॉइड कॉकपिटमध्ये चालत नाही. जाड केस आणि पॉवर बँक लावली की चिंता मिटली. आणि टॅब असला की कागदी नकाशांची गरज नाही.

मी कुणी कॅप्टन नाही. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, आणि शनिवार-रविवारी भाड्याची सेस्ना १७२, हे छोटे विमान. पण याच वाळवंटात शिकलो, आणि या यादीतल्या दोन चुका स्वतःच्या पैशाने करून झाल्या आहेत. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

वायफायच्या मुद्द्यातले अर्धे वाक्य खरे आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. हवेत मोबाईल नेटवर्क वापरायचे नसतेच, अमेरिकेत तर एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाची, तशी मनाई आहे. पण आयपॅडच्या सेल्युलर मॉडेलचे जादा पैसे वैमानिक नेटवर्कसाठी देत नाही. ॲपल जीपीएसचा रिसीव्हर फक्त त्याच मॉडेलमध्ये बसवते. वायफायवाल्या आयपॅडमध्ये तो नाहीच. सेल्युलर घेतला की त्यात सिम घालायची गरज नाही, डेटा प्लॅन नको, विमान मोड लावून ठेवला तरी जीपीएस चालू राहतो. उपग्रहाचा सिग्नल नुसता खाली येतो, आपल्याला वर काही पाठवायचे नसते.

फसगत होते ती घरी बसून बघितल्यामुळे. वायफायवाला आयपॅडही नकाशावर तुमची जागा बरोबर दाखवतो, कारण आजूबाजूच्या राउटरांच्या ओळखीवरून तो अंदाज बांधतो. साडेपाच हजार फुटांवर राउटर कुठून आणणार? नकाशा उघडतो, विमानाचे चिन्ह मात्र जागेवर नसते, किंवा तुम्ही सोडून आलेल्या विमानतळावरच बसून राहते. २०२४ च्या आयपॅड मिनीत या दोन मॉडेलांच्या किमतीत १५० डॉलरचा फरक आहे. त्या १५० डॉलरमध्ये नकाशावर आपण दिसतो. मेसेजने वाचवायला सांगितले ते नेमके हेच पैसे.

दोन अपवाद सांगतो, नाहीतर मीही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. सेंट्री, स्ट्रेटस असे एडीएस-बी रिसीव्हर, म्हणजे विमानांसाठीचे रेडिओ सिग्नल पकडणारी छोटी यंत्रे, मिळतात. त्यांच्यात स्वतःचा जीपीएस असतो आणि तो वायफायवाल्या टॅबलाही जागा पुरवतो, शिवाय अमेरिकेत ९७८ मेगाहर्ट्झवरून फुकट मिळणारे हवामान आणि आसपासची विमानेही दाखवतो. ते यंत्र घेणारच असाल तर वायफाय मॉडेल चालेल. पण मग एक बॅटरी, एक वायरलेस जोडणी आणि एक विसरण्यासारखी वस्तू वाढली. २०१५ मध्ये आयओएस ८.३ आले तेव्हा ब्लूटूथवरच्या काही बाहेरच्या जीपीएसांचे ॲपशी बोलणेच बंद पडले होते. आणि हवामानाची ती सेवा भारतात नाही, परत गेल्यावर यंत्राचा अर्धा उपयोग संपला. दुसरा अपवाद अँड्रॉइडचा. तिथे बऱ्याच वायफायवाल्या टॅबमध्येही जीपीएस असतो, पण सगळ्यांत नाही. स्पेसिफिकेशन वाचून घ्या.

आता ऊन. मेसेजमध्ये उन्हाबद्दल एक अक्षर नाही, आणि जो केस व पॉवर बँकेचा सल्ला आहे तो ऊन वाढवणाराच आहे. आयपॅड वापरायचे तापमान ॲपलने ०° ते ३५° सेल्सिअस दिले आहे. जळगावचा मे ज्याने काढलाय त्याला ३५° म्हणजे सकाळची न्याहारी वाटेल. फिनिक्समध्ये जूनमध्ये दुपारी ४०° च्या वर सहज जाते, आणि विमाने उभी करतात त्या रॅम्पवर उभ्या असलेल्या १७२ च्या काचेआड त्याहून किती, ते दाराच्या कडीला हात लावला की कळते.

माझ्या शिकाऊ दिवसांतली गोष्ट. प्रेस्कॉटहून फिनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळाला परतत होतो. टॅब सक्शन कपने समोरच्या काचेला लावलेला, रबरी जाड केसमध्ये, आणि निघताना बॅटरी कमी वाटली म्हणून पॉवर बँक जोडलेली. म्हणजे या मेसेजप्रमाणे सगळे यथासांग. प्रेस्कॉटचे विमानतळ पाच हजार फुटांवर आहे, तिथे हवा बरी होती. तिथून दक्षिणेला उतरत आलो तसा आधी स्क्रीन मंद झाला. मला वाटले माझाच चष्मा. मग चार्जिंग थांबले. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या आसपास सगळा स्क्रीन काळा आणि मध्ये थर्मामीटरचे चित्र. पुढे फिनिक्सच्या क्लास बी हवाई हद्दीचे, म्हणजे परवानगीशिवाय शिरता न येणाऱ्या आकाशाचे, पायऱ्यापायऱ्यांचे छत, त्यातली कुठली पायरी किती फुटांवर सुरू होते ते त्या काळ्या काचेत. इन्स्ट्रक्टर बाईंनी काही न बोलता दाराच्या खिशातून घडी घातलेला सेक्शनल, म्हणजे कागदी हवाई नकाशा, काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटाने खाली दाखवले: डावीकडे आय-१७ हायवे, उजवीकडे लेक प्लेझंट. एवढ्यावर घरी आलो. उतरल्यावर त्या म्हणाल्या, टॅबला आपण भट्टीत ठेवून वरून पांघरूण घातले होते.

केस उष्णता कोंडते. चार्जिंग आतून तापवते. काचेला लावले की ऊन थेट. तिन्ही एकदम केले तर कुठलाही टॅब बसेल. त्यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही, पण विकत घेतानाच याचा विचार करायला हवा. काचेवर न लावता खाली, डॅशबोर्डच्या सावलीत लागेल असा आकार घ्या. केस काढून वापरा, किंवा मागे पंखे असलेली केस मिळते ती घ्या. चार्ज जमिनीवर, सावलीत, शंभर टक्के करून निघा. १७२ मध्ये पंखाच्या मुळाशी ओढून बाहेर काढायची हवेची नळी असते, तिचे तोंड टॅबकडे वळवले की बराच फरक पडतो. स्वतःला घाम येतो, तो पुसायचा. सॅमसंगचे गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह मालिकेतले टॅब बॅटरी बदलता येणारे आहेत आणि काही मॉडेल बॅटरी काढून थेट वीजजोडणीवरही चालतात. विमानात चांगली वीजजोडणी असेल तर उन्हाच्या प्रदेशात ही सोय कुठल्याही नव्या चिपपेक्षा मोठी.

उन्हाचाच दुसरा भाग स्क्रीनचा. आयपॅड मिनीचा उजेड ५०० निट्स आहे, एम४ चिपच्या आयपॅड प्रोचा १,०००. दुपारच्या कॉकपिटमध्ये हा फरक दिसतो, हे महागड्या मॉडेलच्या बाजूने कबूल करायलाच हवे. साध्या आयपॅडच्या काचेला चमक कमी करणारा लेपही नसतो, त्यात आपलाच पांढरा शर्ट दिसत बसतो. आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर दुकानात जाताना तो घालून जा. काही टॅब आडवे धरले की त्या गॉगलमधून काळे दिसतात, काही उभे धरले की. लोक तुमच्याकडे बघतील, बघू देत.

मोठ्या स्क्रीनचा मुद्दा लिहिणारा बहुधा एअरबसमध्ये बसतो, जिथे विमान वळवायची दांडी, साइडस्टिक, बाजूला आहे आणि समोर चक्क टेबल निघते. सेस्ना १७२ ची केबिन आतून जेमतेम एक मीटर रुंद, त्यात दोन माणसे. १३ इंची आयपॅड प्रो २८.२ × २१.६ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ ए-फोर कागद. घरी वहीचे मधले पान फाडा, पुठ्ठ्यावर चिकटवा, मांडीवर बांधा, आणि समोर कुणाला तरी गाडीचे स्टिअरिंग पोटाशी ओढून गरगर फिरवल्याची नक्कल करायला सांगा. पुठ्ठ्याला लागते की नाही बघा. योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर लावला तर मागची उपकरणांची घड्याळे झाकतो. मिनी १९.५ × १३.५ सेंटिमीटर, ३०० ग्रॅमच्या आत. मांडीवर मावतो, योकवरही मावतो. अकरा इंचीचे काम ज्यांच्या विमानात जागा आहे त्यांनी बघावे. जमिनीवर अभ्यासाला मात्र मोठाच बरा, तिथे मेसेजशी माझे भांडण नाही.

यात गैरसोयीपलीकडचा धोका आहे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाईदलाचे एक व्हॉयेजर विमान काळ्या समुद्रावरून जात असताना अचानक नाक खाली घालून २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आले. कारण: कॅप्टनचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक यांच्यामध्ये सापडला होता आणि खुर्ची पुढे घेतल्यावर त्याने स्टिक ढकलली. कॅमेरा उत्तम होता, जागा चुकीची होती. म्हणून टॅब लावल्यावर योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पोटापर्यंत ओढून बघायचा, आणि हे रोज, निघण्यापूर्वी.

नव्या चिपबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. नकाशा सरकवायला आणि एक ठिपका हलवायला दोन-तीन वर्षांपूर्वीची चिप मजेत पुरते. जुना टॅब घेताना बघायचे ते एवढेच, की बॅटरी थकलेली नाही ना, आणि त्यावर ॲपला लागणारी आयपॅडओएसची आवृत्ती अजून किती वर्षे येईल. ती यायची थांबली की ॲपही एक दिवस साथ सोडते. साठवणूक १२८ जीबी पुष्कळ झाली.

"अँड्रॉइड चालत नाही" हे मात्र ज्याने त्याने आपापल्या ॲपप्रमाणे तपासावे. फोरफ्लाइट हे नकाशांचे ॲप आयपॅड-आयफोनवरच आहे आणि अमेरिकेतल्या बऱ्याच फ्लाइंग शाळा तेच वापरतात. शाळेने फोरफ्लाइट सांगितले असेल तर वाद संपला, आयपॅड घ्या. पण गार्मिन पायलट अँड्रॉइडवर चालते, युरोपात घरोघरी असलेले स्कायडेमन चालते, आणि अव्हेअर नावाचे फुकट ॲप तर अँड्रॉइडसाठीच लिहिलेले आहे. ते फुकट असू शकते, कारण एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या हवाई नियामकाचे, नकाशे सगळ्यांना मोकळे आहेत. म्हणजे आधी शाळेला ॲप विचारायचे, मग टॅब. भाच्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता, मेसेजमध्येही तो नाही. आणि पुढे एअरलाइनला कामी येईल म्हणून आत्ताच महागडा घेत असाल तर थांबा. तिथे बहुतेक कंपन्या स्वतःचा, मंजुरी घेतलेला टॅब देतात.

राहिला कागद. अमेरिकेत खासगी उड्डाणाला कागदी नकाशा बाळगण्याची सक्ती नाही, हे खरे. पण टॅब महागडा असला म्हणजे आतली माहिती बरोबर असते असे नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची कित्येक विमाने निघता निघता खोळंबली, कारण वैमानिकांच्या आयपॅडवरचे ॲप बंद पडत होते. कारण निघाले वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एकच चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आल्याचे. याच एअरलाइनने त्याच्या दोन वर्षे आधी जवळपास १६ किलोच्या कागदी पिशव्या वैमानिकांच्या हातून सोडवल्या होत्या. टर्मिनलकडे परतून, वायफाय पकडून ॲप नीट केले गेले. हवेत ती सोय नसते. विमानतळावर उतरण्या-निघण्याच्या पद्धतींचे नवे चार्ट दर २८ दिवसांनी येतात, सेक्शनल ५६ दिवसांनी, आणि डाउनलोड न केलेला नकाशा हा नसलेला नकाशा.

शिवाय टॅबचा जीपीएस आणि विमानाचा जीपीएस एकाच आकाशातून पाणी भरतात. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला लष्कराच्या चाचण्या असल्या की जीपीएसवर भरवसा ठेवू नका असे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, निघतात, आणि त्यांचा घेर आमच्या ॲरिझोनापर्यंत येतो. भारतात अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना सरकारने संसदेत सांगितल्या. दुसरा टॅब घेऊन यावर उपाय होत नाही. घडी घातलेला एक सेक्शनल आणि खिशातल्या फोनवर तेच ॲप, एवढे ठेवतो मी. परीक्षेच्या दिवशी परीक्षक हमखास टॅब उलटा करून म्हणतात, "हा बंद पडला, आता?"

हे सगळे भाच्याला व्हॉइस नोटवर सांगितले, अकरा मिनिटे. त्याने कितपत ऐकले देव जाणे. दुसऱ्या दिवशी दुकानातून फोटो आला: टॅब हातात, सेटिंग्ज उघडलेली, यादीत ‘सेल्युलर डेटा’ची ओळ नाही. "दुकानदार म्हणतात जीपीएस सगळ्यांत असतो. बघा, मॅप चालतोय."

मी लिहिले, "वायफाय बंद कर, त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन रस्त्यावर जा आणि कोपऱ्यापर्यंत चालून ये. ठिपका बघ."

पाच मिनिटांनी उत्तर आले. "मी कोपऱ्यावर आलो मामा. ठिपका दुकानातच आहे."